पन्हाळ्यावरची शांतता

कोल्हापुरात पाहुणा आला की त्याला पन्हाळा दाखवायचा, हा आपल्याकडचा रिवाजच आहे. अंतर जेमतेम वीस किलोमीटर. वाघबीळ मागे पडले आणि गाडी वळणे चढू लागली की हवा बदलते. वर गडाच्या तटाआडच वसलेले लहानसे गाव, साधोबाचा दर्गा आणि त्याचे तळे, अंबरखान्याची प्रचंड कोठारे. सज्जा कोठीत उभे राहिले की समोर ज्योतिबाचा डोंगर दिसतो आणि पाहुणा हमखास म्हणतो, “काय शांतता आहे हो इथं!”

मी उर्दू शिकवते, म्हणून असेल कदाचित, पण या शब्दापाशी मी अडखळते. आवाज नसणे म्हणजे शांतता, मन निवणे म्हणजेही शांतता आणि दंगल नसणे म्हणजेही शांतताच. उर्दूत या तिन्हींना वेगवेगळे शब्द आहेत: खामोशी, सुकून, अमन. मराठीत एकाच शब्दावर भागते, म्हणून एक असले की बाकीचे दोन्ही असणारच, असे आपण धरून चालतो.

गेल्या डिसेंबरात आमच्या आठवीच्या वर्गाची सहल पन्हाळ्याला गेली. 2025 च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांमध्ये पन्हाळाही आहे, त्यामुळे गर्दी बरीच होती. तीन दरवाज्यावर एक फार्सी शिलालेख आहे. तो दिसताच मुली हरखल्या. फार्सी त्यांना येत नाही, पण अक्षरे तर ओळखीची! एकीने अलिफ शोधला, दुसरीने मीम. पाठ्यपुस्तकातला किल्ला आपल्या ओळखीचा निघाला, याचा तो आनंद होता.

तिथून पश्चिमेकडे पाहत एका मुलीने मोठ्याने विचारले, “मॅडम, विशाळगड उधरीच है ना? नानी का घर फोडे ना, वो गजापूर?”

आजूबाजूला बरेच पर्यटक होते. चार-पाच माना वळल्या. मी म्हणाले, “श्... हळू बोल. चल पुढं.”

14 जुलै 2024 ला विशाळगडावरची अतिक्रमणे हटवण्यासाठी निघालेल्या जमावातल्या लोकांनी गजापुरातल्या मुस्लीम वस्तीत मशीद, घरे, गाड्या फोडल्या, हे सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. त्या मुलीने खोटे काही विचारले नव्हते. शिवी दिली नव्हती, घोषणा दिली नव्हती. तिने फक्त दिशा विचारली होती. ज्या वाटेने 1660 साली शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा चुकवून विशाळगडाला गेले, तीच दिशा. मग मी तिला गप्प का केले?

स्वतःच्या बाजूने मला बरेच सांगता येते. चाळीस मुली माझ्या जबाबदारीवर होत्या. सगळ्यांचे गणवेश, डोक्यावरचे स्कार्फ लांबूनही ओळखू येणारे. कुणी काही बोलले असते, मोबाइलवर चित्रण करून पसरवले असते तर? दुसऱ्यांची लेकरे बरोबर असताना धाडस करण्याचा हक्क शिक्षकाला नसतो, असे मला आजही वाटते. शिवाय हजरत लुकमान यांनीही आपल्या मुलाला आवाज खाली ठेवण्याची नसीहत केली होतीच की!

पण ही नसीहत आठवली आणि मीच वरमले. त्यांनी मुलाला आवाज खाली ठेवायला सांगितले होते, प्रश्न गिळायला नव्हे. आवाज खाली ठेवणे हा अदब आहे, दुसऱ्याचा मान राखण्यासाठी आपण तो आपणहून पाळतो. भीतीने गप्प बसणे बाहेरून अगदी तसेच दिसते. पाहणाऱ्याला फरक कळत नाही. तीन दरवाज्यापाशी उभ्या असलेल्या त्या लोकांना वाटले असेल, किती शिस्तीची शाळा आहे.

पुढच्याच वळणावर मी मुलींना सिद्दी हिलालची गोष्ट सांगितली. हा सरदार महाराजांच्या बाजूने पन्हाळ्याचा वेढा फोडायला नेतोजी पालकरांबरोबर आला होता. गोष्ट खरी आहे आणि मुलींनी ती आवडीने ऐकली. पण मी ती जरा मोठ्याच आवाजात सांगत होते, हे नंतर माझ्या ध्यानात आले. हे नाव मी ओळखपत्रासारखे पर्समध्ये बाळगते आणि माणसे वळून पाहू लागली की बाहेर काढते. गोष्ट मुलींसाठी सांगत होते की त्या वळलेल्या मानांसाठी?

ती मुलगी परतीच्या वाटेवर खिडकीशी बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि नानीची तब्येत विचारली. “ठीक है,” एवढेच ती म्हणाली.

सहलीवर निबंध लिहायला दिला होता, विषय ‘एक पुरसुकून मकाम’. बहुतेकींनी माकडे, भुईमुगाच्या शेंगा आणि गार वारा लिहिला. तिने तळे लिहिले, शिलालेख लिहिला आणि शेवटी, तिथे सगळे खामोश होते, मॅडमसुद्धा. भाषेची चूक एकही नाही. वही अजून माझ्या टेबलावर आहे, शेरा लिहायचा राहिला आहे.