पुनरुत्थानानंतरची वर्गणी

ईस्टर आला की चर्चा रिकाम्या कबरीभोवती फिरते. दगड कोणी लोटला, साक्षीदार कोण, पुरावा काय? प्रश्न गैर नाहीत. पण प्रेषित पौलाने इ. स. 55च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 15वा अध्याय उघडला, तर तिथला वाद निराळाच आहे. येशू उठला, याबद्दल तिथे कोणाची तक्रार दिसत नाही. बाकीचे मेलेले उठतील, हे काहींना पटत नव्हते. आत्मा अमर असेल तर असो, हाडामांसाचे लोढणे पुन्हा कशाला, हा ग्रीक जगातल्या शिकलेल्यांचा विचार त्यामागे असावा. पौल मात्र इथे तसूभरही मागे हटत नाही. मेलेले उठत नसतील तर ख्रिस्तही उठलेला नाही, असे तो ठणकावतो. एकट्याच्या वाट्याला आलेला चमत्कार म्हणून त्याला पुनरुत्थान नकोच आहे.

एवढा हट्ट कशासाठी, याचा माग त्याच पत्रात आधी लागतो. प्रभुभोजनाच्या वेळी खातेपिते लोक थांबत नसत. कोणी पिऊन तर्र होई, आणि ज्यांच्या गाठीला काही नाही ते उपाशी राहत. पुनरुत्थान नाकारणारे आणि आधी जेवून घेणारे एकच होते, हे सिद्ध करता येणार नाही. तरी देहच गौण ठरला तर दुसऱ्याच्या भुकेला किंमत कोण देणार? 15व्या अध्यायाच्या शेवटी मरणाला आव्हान देणारा भव्य सूर लागतो, आणि लगेच विषय निघतो तो यरुशलेमच्या गरजूंसाठीच्या वर्गणीचा: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने कमाईप्रमाणे काही बाजूला काढावे. येशू उठला असे मंडळी मानत होती, तो हाच वार. अध्यायांचे आकडे कितीतरी शतकांनी पडले. करिंथमध्ये हे पत्र वाचून दाखवले गेले तेव्हा मरणावरचा विजय आणि वर्गणी एका दमात ऐकू आली असणार.

यावर कोणी म्हणेल, वर्गणी काढायला पुनरुत्थान कशाला हवे? रास्त आहे. रोमजवळच्या लानुवियम गावात इ. स. 136चा एक शिलालेख सापडला आहे. साध्या लोकांनी, त्यांत गुलामही होते, अंत्यसंस्कारासाठी चालवलेल्या भिशीसारख्या मंडळाचे हे नियम: प्रवेश फी 100 सेस्टर्स आणि चांगल्या दारूचा एक रांजण, शिवाय दरमहा 5 आस (छोटी रोमन नाणी). सलग सहा महिने हप्ता थकला, तर अंत्यविधीवरचा हक्क गेला. मंडळ प्रामाणिक होते, नियमही चोख होते. पण साठेक वर्षांनी कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन ख्रिस्ती लोकांच्या पेटीचे वर्णन करतो, तिथे सक्ती नाही. ज्याला जमेल त्याने टाकावे. त्यातून गरिबांचे पोट भरे आणि त्यांचे दफनही होई. तर्तुलियन वकिली थाटात स्वपक्ष मांडतो, तेव्हा थोडी वजावट करूनच वाचावे. तरीही, ज्याने काहीच भरले नाही त्याच्या मृतदेहाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला दोन्हीकडची उत्तरे वेगळी आहेत.

परलोकाची आशा माणसाला इहलोकी सुस्त करते, हा मार्क्सचा आक्षेप इतिहासात अनेकदा खरा ठरला आहे. गुलामांना स्वर्गाची वाट पाहायला सांगणारे प्रवचनकार काही थोडे नव्हते. मात्र त्यांच्या सोयीचा होता तो देहाविना तरंगणारा आत्मा. पुनरुत्थान हे केवळ नव्या उमेदीचे प्रतीक मानणाऱ्या आधुनिकांचीही इथेच पंचाईत होते. उमेद जिवंतांच्या कामी येते, मेलेल्याचे काय?

आपल्याच देशात तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती यांच्या थडग्यांच्या मध्ये भिंत आहे. श्रद्धा फोल असल्याचा पुरावा म्हणून ती दाखवता येईल. पण त्या भिंतीला दोष द्यायला बाहेरचे तत्त्वज्ञान उसने आणावे लागत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना पुरलेल्यांसाठी देहाच्या पुनरुत्थानाचा एकच विश्वासांगीकार म्हटला गेला आहे.