शरीराची अमानत आणि मनाच्या सबबी

इशाच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. वय पंचेचाळीसच्या आसपास, व्यवसायाने दुकानदार आणि पाच वेळचे नमाजी. डॉक्टरांनी वजन उतरविण्यास, गोड बंद करण्यास व रोज चालण्यास बजावून त्यांना सहा महिने उलटले होते. ते म्हणाले, "इमामसाहेब, सारे कळते, पण उठावेसे वाटत नाही. उठावेसे वाटावे म्हणून एखादी दुआ आहे का?"

दुआ आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) असमर्थता व आळस यांपासून अल्लाहचा आश्रय मागत असत, हे सहीह बुखारीत नमूद आहे. ती दुआ मी त्यांना सांगितली आणि ते समाधानाने घरी गेले. मला मात्र त्या रात्री समाधान लाभले नाही. कारण तीच दुआ मी स्वतः कित्येक वर्षे म्हणत होतो आणि म्हणून झाल्यावर पुन्हा तक्क्याला टेकून बसत होतो. मदरशातील शिक्षण बैठे, मशिदीतील काम बैठे आणि आठवड्यातून दोन-तीन तरी दावती. अकीका असो वा वलीमा, यजमान इमामाच्या ताटात आग्रहाने वाढतो. नकार दिल्यास त्याचे मन दुखावेल, अशी सबब मी मनाशी बाळगत असे. गेल्या वर्षी रक्ततपासणीत माझे एचबीए१सी ६.२ आले. तो मधुमेह नव्हे, पण त्याचा उंबरठा होय. म्हणून या लेखात मी उपदेशकाच्या नव्हे, तर त्या दुकानदार बंधूच्या शेजारच्या आसनावरून बोलत आहे.

पहिला प्रश्न असा, की हा विषय धर्माचा आहे काय? काही सत्प्रवृत्त लोकांना वाटते, की शरीराची एवढी काळजी म्हणजे दुनियादारी. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) दिवसभर रोजे ठेवीत व रात्रभर इबादत करीत. प्रेषितांना (स.) हे कळले, तेव्हा त्यांनी प्रशंसा केली नाही, तुझ्या शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, असे बजावले. 'हक्क' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हक्क बुडविणे ही गैरसोय नसते, तो अन्याय असतो. तिर्मिजीतील एका हदीसचा आशय असा, की कयामतच्या दिवशी माणसाला आयुष्य, ज्ञान व संपत्ती यांच्याबरोबरच शरीर कशात झिजविले, हेही विचारले जाईल. ज्या वस्तूचा हिशेब द्यावा लागतो, ती आपल्या मालकीची नसते. ती अमानत असते.

येथे मला एक कबुली द्यावीशी वाटते. नमाज हाच सर्वोत्तम व्यायाम असल्याने नमाजीला अन्य व्यायामाची गरज नाही, असे मी मिंबरवरून एकदा नव्हे, अनेकदा सांगितले आहे. ते चूक होते. नमाजमधील हालचालींचा शरीराला लाभ होतो, परंतु नमाज इबादत आहे आणि तिचा हेतू अल्लाहचे स्मरण हा आहे. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संथपणे अदा केलेले रुकू-सजदे ती गरज भागवीत नाहीत. इबादतीचा मोठेपणा सिद्ध करण्यासाठी तिच्यावर दुसरेच ओझे लादण्याची आवश्यकता नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कर्तव्य कळल्यावरही मन होत नसेल, तर मन होईपर्यंत थांबावे काय? 'प्रेरणा' या शब्दाच्या मुळाशी पुढे ढकलण्याचा अर्थ आहे. आपणही कोणीतरी ढकलेल, या प्रतीक्षेत बसून राहतो. इस्लामने मात्र कर्माच्या आरंभी ठेवलेला शब्द वेगळा आहे. तो शब्द म्हणजे नीयत. नीयत म्हणजे इच्छा नव्हे, उत्साह तर नव्हेच. नीयत म्हणजे अंतःकरणाने केलेला निश्चय. थंडीच्या दिवसांत फजरच्या वेळी रजई बाजूला सारणाऱ्या माणसाला उठावेसे वाटत असतेच, असे नाही. तो उठतो, वुजू करतो आणि अनेकदा गोडी त्यानंतर येते. कर्मानंतर येणाऱ्या गोष्टीची कर्माआधी मागणी करणे, ही आपली मूळ चूक होय.

रमजान याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. शाबानच्या अखेरच्या संध्याकाळपर्यंत दर तासाला चहा घेणारा माणूस चंद्र दिसताच दुसऱ्या पहाटेपासून पाण्याचा घोटही वर्ज्य करतो. उपवासाची प्रेरणा शोधत तो कुठे हिंडत नाही. वेळ ठरलेली असते, मर्यादा स्पष्ट असते, सारी वस्ती सोबत असते आणि एकांतातही अल्लाह पाहत असल्याची जाणीव असते. या चार गोष्टी त्याला तारून नेतात.

यावर कोणी म्हणेल, रमजानचे रोजे फर्ज आहेत, चालणे फर्ज नाही; आणि अल्लाहने जे फर्ज केले नाही, ते आपण फर्ज ठरवू शकत नाही. आक्षेप योग्य आहे. शिवाय त्याच रमजानच्या संध्याकाळी भजी, सामोसे आणि सरबत यांवर आपण कसे तुटून पडतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे रमजानमुळे आपली क्षमता सिद्ध होते, नफ्स सुधारल्याचे सिद्ध होत नाही. परंतु 'मला जमतच नाही' ही सबब मात्र कायमची बाद होते. जो चौदा तास थांबू शकतो, तो दुसऱ्या वाढपाच्या वेळीही हात आखडू शकतो. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी व एक श्वासासाठी ठेवावा, ही शिकवण केवळ रमजानपुरती दिलेली नाही.

मग आरंभ कसा करावा? अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे अल्प असले तरी सातत्याने केले जाते, हे हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनातून आपल्याला कळते. इमाम गझाली (रह.) यांनी 'एह्या उलूमिद्दीन'मध्ये पोटाच्या वासनेवर स्वतंत्र विवेचन केले असून, अधिक खाण्याची सवय असणाऱ्याने आहार एकदम न तोडता हळूहळू कमी करावा, असे सुचविले आहे. वर उल्लेखिलेले हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) वार्धक्यात हळहळत, की प्रेषितांनी (स.) दिलेली सवलत आपण तेव्हाच स्वीकारली असती तर बरे झाले असते. पहिल्याच दिवशी भात, पोळी, साखर सारे सोडून तासभर धावण्याची शपथ घेणाऱ्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. प्रेषित (स.) दर शनिवारी कुबाच्या मशिदीस जात, कधी पायी, कधी स्वार होऊन. मदिनेपासून ते अंतर तीन किलोमीटरहून अधिक आहे. ठरलेला दिवस आणि ठरलेली वाट, यात केवढी शिकवण आहे!

आणखी एक गोष्ट. स्थूल माणसाला पाहून त्याच्या इमानाचे माप काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. कोणाला आजार असतो, कोणाला औषधांचा परिणाम, तर कोणाला दिवसभराच्या कष्टांनंतर चार पावले चालण्याइतकीही फुरसत नसते. आपल्या घरांतील स्त्रियांची हीच अवस्था आहे. पुरुष फजरनंतर फेरफटका मारून येतो. तीही जाऊ इच्छिते काय, हे विचारण्याचे त्याला सुचत नाही. प्रेषितांनी (स.) हजरत आयशा (रजि.) यांच्यासोबत प्रवासात धावण्याची शर्यत लावली. प्रथम त्या जिंकल्या, पुढे त्यांचे अंग भरल्यावर प्रेषित (स.) जिंकले आणि ही त्या वेळची फेड, असे म्हणाले. त्यात ना हेटाळणी होती, ना उपदेश. होती ती सोबत. यजमानांनीही हे ध्यानी घ्यावे. पाहुण्याचे ताट भरणे हा पाहुणचार खरा, पण त्याच्या नकाराचा मान राखणे हाही पाहुणचारच आहे.

निश्चय मोडला तर? मोडेलच. तौबा मोडणाऱ्यासाठी अल्लाहने दार बंद केलेले नाही. मग एक दिवस चुकलेल्याने स्वतःसाठी ते का बंद करावे? चुकलेल्या दिवसापेक्षा त्यानंतरची निराशा अधिक घातक असते.

त्या दुकानदार बंधूंना मी दुसऱ्या दिवशी फजरनंतर थांबवून घेतले आणि आदल्या रात्री अर्धेच उत्तर दिल्याची कबुली दिली. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण दुआलाही लागू आहे. तेव्हापासून आम्ही दोघे फजरनंतर वेशीपर्यंत जाऊन येतो; पंचवीस मिनिटे लागतात. महिना झाला. त्यांचे चार दिवस चुकले, माझे सहा. आळसापासून आश्रय मागणारी ती दुआ आम्ही आता वाटेत म्हणतो.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या या अमानतीची जाणीव देवो आणि अल्प का होईना, सातत्याची शक्ती देवो. आमीन.