गवताला पडीक म्हणावे का?



कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात आपण मुलांना हरणे दाखवतो. पण मोकळा चिंकारा पाहायचा, तर बारामती तालुक्यात सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जावे. १९९७ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे. तिथे दाट जंगल नाही. गवत आणि खुरटी झुडपे आहेत.

अशा माळाला आपण सहज पडीक म्हणतो आणि पुण्यकर्म समजून झाडे लावतो. पण दाट सावलीत माळाचे गवत टिकत नाही. मग चिंकारा आणि जमिनीवर घरटे करणारा चंडोल कुठे जाणार?

हेतू चांगला असला म्हणजे कृती चांगली ठरते का? ज्याचे भले करायचे, त्याला आधी ओळखणे हेही प्रीतीचेच कर्तव्य आहे. उत्पत्तीच्या कथेत देवाने झाडांबरोबर गवतही निर्माण केले. म्हणून या पावसाळ्यात खड्डा खणण्यापूर्वी आपण विचारू या : इथे आधीपासून कोण राहते?