पाटी असूनही

नंदुरबारच्या स्टँडवर धडगाव गाडी लागते. काचेवर ठळक पाटी असते. कंडक्टरही एकदा ओरडून सांगतो. तरी चढणारा प्रत्येक जण पायरीवर एक पाय ठेवून विचारतोच, "दादा, धडगाव ना?" आतून कोणीतरी 'हो' म्हणतं. मग दुसरा पाय वर येतो.

वाचता येत नाही म्हणून विचारतात, असं पुष्कळांना वाटतं. काहींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण शिक्षक विचारतात, तलाठीही विचारतात. पाटी बरोबर असते, पण ती शब्द देत नाही. माणूस देतो. 'हो' म्हणणारा घाट चढेपर्यंत तुमच्यासोबत असतो.

लंडनला भुयारी रेल्वे १८६३ पासून धावते आहे. नवख्याला कोणालाच काही विचारावं लागू नये, अशी तजवीज तिथल्या भिंतींवर केलेली आहे. मार्गांना रंग, वळणावळणावर बाण, पुढची गाडी किती मिनिटांत येणार त्याचा आकडा. बँकेचं कार्ड पिवळ्या गोलावर टेकवलं की दार उघडतं. दिवसभर फिरा, तोंडातून एक शब्द काढायची गरज नाही.

तिथला नकाशाही मजेदार. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने तो काढला. आधी तो नाकारला गेला, मग १९३३ मध्ये छापला. बेकने खरी अंतरं सोडून दिली, रेषा सरळ केल्या, जमिनीवरची खूण म्हणून थेम्स नदी तेवढी ठेवली. भूगोलाच्या गुरुजींनी भोपळा द्यावा असा नकाशा! पण वाटसरूला किती लांब हे कमी लागतं, कुठे बदलायचं हे जास्त. सातपुड्यातही धडगाव किती किलोमीटर, हे सहसा कोणी सांगत नाही. चांदसैली घाट चालू असेल तर तळोद्यावरून जा, दरड पडली असेल तर शहाद्याकडून, असं सांगतात. बेकचाच नकाशा, फक्त तोंडी.

आपल्याकडची माणसं लंडनला गेली की किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर आवर्जून पाहतात. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. जवळचं स्टेशन चॉक फार्म, नकाशावरच्या काळ्या रेषेवर. पण कॅमडन टाउनला या रेषेला दोन फाटे फुटतात. एजवेअरकडची गाडी चॉक फार्मला थांबते, हाय बार्नेटकडची दुसऱ्या फाट्याने निघून जाते. मी तिथे जाताना हे फलाटावर लिहिलेलं होतं, गाडीच्या कपाळावर लिहिलेलं होतं, आत पुकारलंही जात होतं. मी सगळं वाचलं, ऐकलं, आणि तरी शेजारच्या बाईंना विचारलंच. त्यांनी एका कानातला इअरफोन काढला, मान हलवली, पुन्हा कानात घातला. तेवढ्याने जीव भांड्यात पडला.

रेल्वेवरचा पूल ओलांडून त्या घरासमोर उभं राहिलं, की भिंतीवर बाबासाहेबांच्या नावाची निळी गोल पाटी दिसते. तिथे मनात आलं ते बडोद्याचं. बडोदा आपल्या नंदुरबारहून काही फार लांब नाही. १९१७ मध्ये ते तिथे नोकरीसाठी आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी सराईत नाव बदलून राहावं लागलं, आणि कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या माणसांनी तिथूनही बाहेर काढलं. त्यानंतर तीन-चार वर्षांत ते या रस्त्यावर राहत होते. पैशांची ओढाताण होती, घर सुखाचं होतं असंही नाही. पण कोण, कुठले हे न विचारता दार उघडणारं स्टेशन त्यांना कसं वाटलं असेल?

आपल्याकडे रस्ता विचारला की उलट प्रश्न येतात. कोणाकडे जायचंय? कुठले तुम्ही? आडनाव काय? मला यात आपुलकी दिसत आली. आडनाव सांगताना ज्यांचा आवाज खाली जातो, त्यांना तशी दिसत नसेल. त्यांना भिंतीवरचा मुका बाणच मायेचा वाटत असेल. बाण सगळ्यांना सारखाच दिसतो.

पण बाणालाही कोणाची तरी लिपी लागते, पुकाऱ्याला कोणाची तरी भाषा. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथे गाडी चार भाषांत पुकारतात: मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी. आसपासच्या पाड्यांवरची मावची त्यांत नाही. म्हणून पुकारून झाल्यावर एखादी आजी शेजारच्या पोराला विचारते, ही सुरतची का भुसावळची? पोरगं मावचीतच सांगतं. आधी कुठली, कोणाची, हे विचारून घेतं, पण सांगतं.