हळहळीची वाटणी

मरणाच्या वाटेवरल्या रुग्णांच्या घरी मी सेवेला जातो, असं कोणी चारचौघांत सांगितलं की मला बरं वाटतं. त्या बरं वाटण्याच्या आड एक गोष्ट दडून बसते. माझी हळहळ सगळ्यांना सारखी मिळत नाही. माणूस कशानं मरतोय, हे मी आधी पाहतो.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत तोंडाचा कॅन्सर म्हटलं की खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं घोटलेलं मिश्रण, आलाच. ‘आता घरी न्या, सेवा करा’ असं सांगून नागपूरहून परत पाठवलेला असाच एक गृहस्थ. गालाला आरपार भोक, नाकातल्या नळीवाटे पातळ पेज. वास इतका, की शेजारी अंगणातूनच विचारपूस करून परतायचे. मेट्रोनिडाझोलच्या गोळीची पूड जखमेवर भुरभुरली की तो वास बराच कमी होतो. त्याची बायको ते काम माझ्याहून हलक्या हातानं करायची. आणि मी? अंगणात त्यांचा मुलगा पन्नीत खर्रा घोटत बसलेला, त्याच्याकडे रागानं बघत होतो. खरं तर तो राग मुलावर नव्हताच. खाटेवरच्या माणसावर होता. सगळं ठाऊक असून खाल्लंस ना?

त्याला बोलता येत नव्हतं. बायको म्हणाली, “कोनी आलं का तोंड भिंतीकडं करते जी.” तेव्हा वाटलं, वासाची लाज वाटत असेल. आता वाटतं, येणाऱ्याच्या डोळ्यांत काय आहे ते त्याला कळत असावं. माझ्या डोळ्यांत काय होतं?

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. मरणाऱ्याचं दुखणं शरीरापुरतं नसतं, त्यात मनाची, नात्यांची, पैशाची कळ मिसळलेली असते, हे त्यांनी जगाला दाखवलं. मी ते वाचलं, नव्या कार्यकर्त्यांना समजावूनही सांगितलं. पण ‘हे आपणच ओढवून घेतलं’ ही टोचणी त्या दुखण्यात किती असेल? आणि औषध घेऊन येणाराच ती वाढवत असेल तर?

वाघानं मारलेल्या माणसाच्या घरी मात्र माझं मन लगेच हेलावतं, असं मी समजत होतो. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. असं काही घडलं की गावोगाव हळहळ होते, सरकारी मदतीचे २५ लाख कधी मिळणार याची चर्चा होते, आणि त्यातच कोणीतरी हळूच म्हणतं, एवढ्या आत जायचंच कशाला? तो प्रश्न माझ्याही मनात उमटून गेला. तेंदूपत्ता आणि मोहफुलं यांवर कितीतरी घरांचं मीठ-तेल चालतं, हे ठाऊक असूनही. मग निर्दोष मरण म्हणायचं तरी कोणाच्या मरणाला?

कदाचित मला दोष शोधायचाच नसतो, माझी सुटका हवी असते. तो खर्रा खायचा, मी खात नाही. त्या जंगलात गेल्या, मी जात नाही. म्हणजे माझी पाळी अजून लांब आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्याला, कुष्ठरोगानं झडलेला तुळशीराम दिसला तेव्हा बाबा आमटे आधी भीतीनं पळाले होते. हे त्यांनी स्वतःच सांगितलं. कुष्ठरोगालाही तेव्हा लोक पापाचं फळच म्हणत. बाबा परत फिरले, १९४९ साली महारोगी सेवा समिती उभी राहिली, आणि आपण त्या परत फिरण्याची गोष्ट सांगत राहतो. मला हल्ली ते पळणंच जास्त आठवतं. कारण मी पायांनी पळत नाही. खाटेशी बसलेलाच असतो, आणि मनानं केव्हाच बाहेर पडलेला असतो.

मग खर्र्याविषयी बोलायचंच नाही का? बोलायलाच हवं. गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान २०१६ पासून तेच काम गावोगाव करतं. पण मरणाऱ्याच्या उशाशी नाही, नजरेनंसुद्धा नाही, एवढं आता मला पटलं आहे.

खर्रा खाणाऱ्या त्या गृहस्थाची तेरवी झाल्यावर मी त्याच्या घरी पुन्हा गेलो. बायको बराच वेळ सूप पाखडत राहिली. मग म्हणाली, “माह्याच हातचा घोटलेला खाल्ला ना जी त्यायनं.” ‘मनाला लावून घेऊ नका’ हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. ते बोललो असतो तर मला हलकं वाटलं असतं, पण तिचं बोलणं तिथंच थांबलं असतं. कधीपासून खात होते, एवढंच विचारलं. ती लग्नापासूनचं सांगत गेली.

मुलाशी बोलायचं अजून राहिलंय. बापाचं उदाहरण दिलं तर कदाचित तो ऐकेल. पण ते देताना त्याच्या बापाला मी पुन्हा एकदा दोषी ठरवणार नाही का? आणि न देता बोललो, तर तो ऐकेल का?