खडबडीत वाटा

लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाच्या प्रारंभीं राजे व अधिकारी यांची नामावळी आहे. तींत त्राखोनीती देशाचें नांव येतें. ग्रीक भाषेंत ‘त्राखूस’ म्हणजे खडबडीत. त्यावरूनच हें नांव पडलें. पुढें पांचव्या वचनांत प्रभूचा मार्ग तयार करण्याविषयीं यशया संदेष्ट्याचा लेख दिला आहे. तेथें खडबडीत वाटांसाठीं मुळांत हाच शब्द आहे.

हा प्रदेश दिमिष्काच्या दक्षिणेस आहे. ज्वालामुखीचा रस थिजून झालेला काळा दगड, आणि त्यांत भेगा व गुहा, असें त्याचें रूप. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण ह्याच जातीचा होय. आरबी भाषेंत ह्या प्रदेशास ‘लजा’, म्हणजे आश्रयस्थान, म्हणतात. येथील गुहांत राहणारे लुटारू दिमिष्काकडील लोकांस लुटीत, असें योसेफस इतिहासकार लिहितो. इ. स. पूर्वीं २३ च्या सुमारास औगुस्त कैसरानें हा देश हेरोदास दिला, व त्यानें बळानें बंदोबस्त केला. परंतु पुढें तो रोमेस गेला असतां, तो मेला अशी आवई उठवून हे लोक पुन्हा लुटीस लागले.

प्रिय वाचकहो, आमच्या अंतःकरणांतही अशी एक लजा आहे. तिखट जिव्हा, बांधावरचा जुना तंटा, भावाविषयींची अढी, हीं आम्ही कां सोडीत नाहीं? कारण त्यांच्या आड आम्ही लपतों. खडकाळ मनुष्याजवळ कोणी येत नाहीं, आणि त्यास कोणी जाबही विचारीत नाहीं. पंचांच्या धाकानें आलेला सपाटपणा पंच उठतांच संपतो.

मग वाट सपाट कशी व्हावी? योहानानें लोकांस साधीं कामें सांगितलीं. दोन अंगरखे असणाऱ्यानें एक द्यावा. जकातदारानें ठरल्याहून अधिक घेऊं नये. शिपायानें जुलूम न करितां आपल्या पगारांत तृप्त असावें. ज्यानें ज्या ठिकाणीं दुसऱ्यास ठेंच लाविली, त्यानें तेथलाच दगड उचलावा, हेंच त्याचें पाचारण होतें.

आपलें दार टाळून वळसा घेऊन जाणारा शेजारी कोण, हें आपणांपैकीं प्रत्येकास ठाऊक आहे. येत्या प्रभुवारापूर्वीं आपण त्याच्या घरीं जाऊं या. ज्या वाटेनें तो येऊं शकत नाहीं, तिनें प्रभूनें यावें, ही प्रार्थना आम्ही कोणत्या तोंडानें करावी?