कायक, दासोह आणि निर्मात्याचा हक्क

कलाकृती कोणाची आणि तिचा मोबदला मागणे धर्माला धरून आहे का, हा प्रश्न सोलापूर परिसरातील दोन संतपरंपरांच्या आधारे तपासता येतो. सोलापूरचे ग्रामदैवत असलेले बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वर यांच्या कन्नड वचनांत ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ हे अंकित, म्हणजे नाममुद्रा, येते. हे नाव कवीचे नसून आराध्याचे आहे. याउलट, पंढरपूरच्या विठ्ठलाचे भक्त असलेले बहुतेक वारकरी संत अभंगाच्या शेवटी स्वतःचे नाव घालतात. एकीकडे शब्द देवाला वाहिलेला, तर दुसरीकडे त्याची जबाबदारी माणसाने घेतलेली. तरीही रचना कोणाची, हे दोन्हीकडे ओळखू येते. निर्मात्याची खूण पुसणे ही भक्तीची अट नाही.

मोबदल्याबाबत शरणांचा, म्हणजे सिद्धरामेश्वरांसारख्या वचनकार शिवभक्तांचा, विचार अधिक नेमका आहे. कायक म्हणजे प्रामाणिक कष्टाची उपजीविका आणि दासोह म्हणजे त्या कमाईचे समाजाला अर्पण. शरण आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणत. एकदा त्यांनी गरजेपेक्षा जास्त आणले, तेव्हा पत्नी लक्कम्मा यांनी ते परत करायला लावले, अशी कथा आहे. दोष कमाईत नाही, हावेत आहे. शिवाय जे आपले आहे तेच अर्पण करता येते. ‘नाव होईल’ एवढ्या आश्वासनावर कलावंताकडून फुकट काम करून घेणे हा दासोह नव्हे. तिथे द्यायचे की नाही, हे काम करून घेणाऱ्यानेच परस्पर ठरवलेले असते.

यावर एक आक्षेप रास्त आहे: भाषा, चाली, नक्षी हा सगळा वारसा असताना एकट्याची मालकी कशी? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात याचे उत्तर सापडते. संरक्षण कल्पनेला नसून तिच्या विशिष्ट मांडणीला असते आणि लेखनाच्या बाबतीत ते लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर 60 वर्षे टिकते. पुढे ती कृती सर्वांची होते.

नोकरीत नसलेल्या लेखकाचा हक्क सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. मात्र मोबदला देऊन काढून घेतलेले छायाचित्र किंवा चित्र, वेगळा करार नसेल तर, काम सांगणाऱ्याच्या मालकीचे ठरते. हक्क सोपवायचा तर लेखी आणि सहीनिशी. त्यात मोबदला, मुदत आणि प्रदेश नमूद हवा. मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारत धरला जातो. हक्क विकल्यानंतरही कर्ता म्हणून नाव सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम 57 नुसार निर्मात्याकडेच राहतो.

सोलापुरी चादरीसारख्या वस्तूवरील नक्षीचा नियम मात्र वेगळा आहे. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवले नाही आणि हक्कधारकाने किंवा त्याच्या परवानगीने इतर कोणी ते वापरलेल्या वस्तूच्या औद्योगिक प्रक्रियेने 50 हून अधिक प्रती काढल्या, तर त्यावरील कॉपीराइट संपतो. त्यामुळे बाजारात आणण्यापूर्वीच 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ती 10 वर्षे टिकते आणि आणखी 5 वर्षे वाढवता येते. सोलापुरी चादरीला मिळालेले भौगोलिक मानांकन गावाच्या नावाचा गैरवापर रोखते, पण नक्षी काढणाऱ्याला त्यातून वैयक्तिक हक्क मिळत नाही. त्याचे नाव आणि दाम त्याला स्वतःच्या नोंदणीने व कराराने राखावे लागतात.